जांबोटीच्या पुढचं आकाशदर्शन: तारे पैसे वसूल, संडास एक स्टार

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईतल्या लोकांना पुढं वाचायला नको. पाचपैकी साडेतीन. दीड का कापलं ते खाली येतंय.

मी बेळगावला उद्यमबागेत एका फौंड्रीत मेल्टिंगला आहे, सत्तावीस वर्षं झाली. त्यामुळं शनिवारी रात्री जंगलात जाऊन चांदण्या बघायला माणशी पंधराशे रुपये द्यायचे म्हटल्यावर माझ्या तोंडातनं पहिला शब्द काय आला तो इथं लिहिता येत नाही. पण पोरगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला, तिनं महिनाभर डोकं खाल्लं, आणि मेव्हणा म्हणाला माझी ओम्नी घेऊया, मग काय, मी, मिसेस, पोरगी आणि मेव्हणा असे चौघं निघालो. फेब्रुवारीतली अमावास्या धरून. हे पहिलं लक्षात ठेवा, बुकिंग करताना अमावास्येच्या आसपासचीच तारीख मागा, पौर्णिमेला गेलात तर चंद्र सोडून काही दिसणार नाही आणि पैसे तेवढेच घेतात.

पिरनवाडीवरनं जांबोटी रोडला लागायचं, जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला थोडं पुढं गेलं की आत एक कच्चा रस्ता आहे. पाटी आहे पण ती अंधारात दिसत नाही, उजेड असताना पोचा. मोबाईलला रेंज शून्य. आता यात गंमत अशी की पैसे तिथंच द्यायचे असतात आणि फोन पे चालत नाही. आमच्याकडं सगळ्यांचे खिसे झाडून तीन हजार निघाले. मालक भला माणूस, म्हणाला राहूदे हो, सोमवारी पाठवा. पण हे बुकिंगच्या वेळीच सांगायला काय झालं होतं? रोख घेऊन जा.

दुसरी तक्रार लगेच सांगतो. त्यांच्या जाहिरातीत जे गुलाबी-निळे ढग आणि रंगीत फोटो आहेत ना, तसलं दुर्बिणीतनं काहीही दिसत नाही. ते फोटो मोठ्या दुर्बिणींनी तासन् तास एक्स्पोजर देऊन काढलेले असतात. डोळ्याला दिसतं ते राखाडी. मिसेस बिचारी रंग बघायला आली होती, पहिल्या दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली, "काच पुसली नाही वाटतं." फोटो टाका पण खाली एक ओळ लिहा की हो.

आता सरांबद्दल. एक रिटायर्ड हायस्कूल शिक्षक आहेत, सायन्सचे, सगळा कार्यक्रम तेच घेतात. आठ इंची दुर्बीण, प्लायवूडचा स्टँड त्यांनी स्वतः केलेला. आम्ही बावीस जण होतो, त्यातले निम्मे कन्नड बोलणारे, बैलहोंगल आणि गोकाककडचे, त्यामुळं सर एक वाक्य मराठीत आणि एक कन्नडमध्ये बोलत होते. सुरुवातीलाच घोटाळा झाला. सर मराठीत म्हणाले समोर मृग नक्षत्र आहे, तर गोकाकच्या एका आजोबांनी विचारलं, कोणतं नक्षत्र, एकच दाखवा की. कन्नडमध्ये नक्षत्र म्हणजे एक तारा आणि आपल्यात नक्षत्र म्हणजे तारे मिळून झालेली आकृती. तीस वर्षं दोन्ही भाषा बोलतोय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मला वाटलं होतं की हे नेहमीसारखं होणार. हा शनी बघा, हा गुरू बघा, चला पुढचे. शहरात एकदा तसलं बघितलंय, रांगेत दीड तास आणि बघायला दहा सेकंद. पण सरांनी आधीच सांगितलं की आज रात्रभर आपण एकच गोष्ट ऐकायची, जड तारा जन्मतो कसा आणि मरतो कसा, आणि त्या गोष्टीतली सगळी पात्रं याच महिन्यात एका रात्रीत आकाशात येऊन जातात. त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय, नाहीतर संडासाबद्दल दोन ओळी लिहून सोडलं असतं.

पहिल्यांदा दुर्बीण नाहीच. सरांनी काथ्याची दोरी काढली, ७७ फूट, आणि दोन पोरांना धरायला लावून मैदानात ताणली. म्हणाले, सूर्याच्या २५ पट वजनाचा एक तारा धरा. दोरीचा एक फूट म्हणजे एक लाख वर्षं. पहिले ७० फूट, म्हणजे साधारण ७० लाख वर्षं, तारा गाभ्यातल्या हायड्रोजनचं हेलियम करतो. पुढचे ७ फूट, सात लाख वर्षं, हेलियमचा कार्बन आणि ऑक्सिजन करतो. संपली दोरी. पोरगीनं विचारलं, सर, कार्बनचं काय? तर म्हणाले, कार्बन जळतो साधारण ६०० वर्षं. दोरीचं टोक बोटात धरून त्यातला एक सुटलेला तंतू दाखवला, जाडीला दोन मिलिमीटर पण नसेल, म्हणाले हा कार्बन. त्यानंतर निऑन, वर्षभर. ऑक्सिजन, सहा महिने. आणि सिलिकॉन, एक दिवस. एक दिवस! ७७ लाख वर्षं जगलेला माणूस, सॉरी तारा, आणि शेवटचा घास एका दिवसात. तो दिवस या दोरीवर दाखवायचा तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी भरेल.

मग कुणीतरी विचारलं, आपला सूर्य? तर सर म्हणाले, सूर्याचं आयुष्य साधारण १,००० कोटी वर्षं, म्हणजे हीच दोरी बेळगावच्या दिशेनं तीस किलोमीटर सोडत जावं लागेल. इथं सगळे गप्प झाले, मीपण मनात हिशेब केला, बरोबर आला. सूर्य जेमतेम तोंडापुरतं कमावून खातो म्हणून टिकतो आणि हे जड तारे खायला बसले की कोठार रिकामं. वजन दहा पट झालं की उजेड दहा पट नाही, हजारो पट वाढतो. आमच्या भाषेत सांगायचं तर घरातली शेगडी आणि क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची कोकची भट्टी. क्युपोलात कोक जास्त भरतो म्हणून ती जास्त वेळ चालते का? उलट, ब्लोअर लावलाय ना खालनं.

पण मला एक खटकलं होतं, हेलियमला सात लाख आणि कार्बनला एकदम सहाशे? एवढी उडी? विचारलं. सर खूश झाले, शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे आंबील मिळाल्यासारखं. म्हणाले, कार्बनच्या पुढं गाभा इतका तापतो की तिथं न्यूट्रिनो म्हणून कण ढिगानं तयार होतात, आणि ते कशालाच अडत नाहीत, ताऱ्याच्या पोटातनं सरळ बाहेर. उष्णता घेऊन जातात. तारा जेवढं कमावतो तेवढं हे पळवतात, मग टिकायला त्याला आणखी जोरात जाळावं लागतं. मला लगेच कळलं. लायनिंग गेलेली भट्टी. वीज कितीही घाला, हीट सगळी बाजूनं चाललीय, मीटर पळतंय.

यानंतर दुर्बीण. पहिलं मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, डोळ्याला नुसता धुरकट ठिपका, दुर्बिणीत राखाडी पंख पसरल्यासारखा आणि मधे चार तारे अगदी जवळजवळ. अंतर साधारण १,३५० प्रकाशवर्षं. त्या चारातला सगळ्यात तेजस्वी सूर्याच्या तीसेक पट वजनाचा, आणि वय साधारण दहा लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे दोरीवर दहाएक फूट. सगळा ढग त्याच्या उजेडानं पेटलाय. हे बाळ. आणि मृगातच खाली राजन्य, निळसर पांढरा, तो गाभ्यातला हायड्रोजन संपवून फुगायला लागलेला, आणि वर काक्षी, तांबडा. या दोघांना दुर्बीण नकोच. मी इतकी वर्षं मृग बघतोय, मृग निघाला की पेरणी असं आजोबा म्हणायचे, पण दोन ताऱ्यांचा रंग वेगळा आहे हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. खरंच बघितलं, कल्पना नाही. रंग बघून तापमान सांगायची सवय आहे आम्हाला, पायरोमीटर नव्हता तेव्हा जुने मिस्त्री पोअरिंगला नुसत्या डोळ्यानं सांगायचे. इथंपण तेच. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंश, राजन्याचा बारा हजार. लाल तो थंड. थंड म्हणजे त्यांच्या हिशेबानं, आमची भट्टी पंधराशेला धापा टाकते.

काक्षी इतका फुगलाय की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी आणि मंगळाच्या कक्षा त्याच्या पोटात जातील. आत मात्र तो अजून हेलियमवर आहे, शेवटच्या सात फुटांत. २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला तो अचानक मंद झाला होता, तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय आलं होतं आठवतंय ना, फुटणार, दोन सूर्य दिसणार वगैरे. मेव्हण्यानं तो फॉरवर्ड मलाही पाठवला होता, त्यानं तिथं नाकबूल केलं. प्रत्यक्षात ताऱ्यानं स्वतःच बाहेर टाकलेल्या पदार्थाची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली. पोरगीनं विचारलं, सर, तो ऑलरेडी फुटला असेल आणि उजेड यायचा राहिला असेल, असं नाही का? हे सगळीकडं ऐकायला मिळतं. सरांनी मस्त उत्तर दिलं. उजेडाला यायला सहाशे-सातशे वर्षं लागतात आणि त्याचे शिल्लक दिवस लाखभर वर्षांच्या घरात धरतात, मग नेमकं या सहाशे वर्षांतच फुटलं असेल याची पैज कोण घेणार? मेव्हणा पैज घ्यायला तयार होता. त्याला बसवलं.

मग जेवण. साडेनऊला येतो म्हणाले, पावणेअकराला आलं. मधे दुर्बिणीचं काम चालूच होतं म्हणून कळलं नाही पण लहान पोरं रडायला लागली होती. नाचणीची भाकरी, झुणका, भात, आमटी, शेंगाचटणी. भाकरी गरम, चटणी झकास, आमटीत मीठ दोन वेळा पडलं होतं. काकू वाढायला मायाळू, पोट भरल्यावरपण वाढत होत्या. आम्ही कुंदा नेला होता तो सगळ्यांना वाटला. तीन स्टार.

जेवून परत आलो तर गोष्टीचा खरा भाग सुरू झाला, आणि थंडी पण. दक्षिणेला नौकेच्या शिडातला एक तेजस्वी तारा सरांनी लेझरनं दाखवला. तो मुळात जोडी आहे, साधारण अकराशे प्रकाशवर्षांवर, आणि त्यातला एक आपल्याला सगळ्यात जवळचा वुल्फ-रायेट तारा. १८६७ मध्ये पॅरिसच्या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी असले तारे पहिल्यांदा ओळखले, त्यांचीच ही आडनावं. असल्या ताऱ्यांचा वारा इतका सोसाट्याचा असतो की अंगावरचं हायड्रोजनचं कातडं पार उडून जातं आणि आतला तापलेला भाग उघडा पडतो. शिवाय जोडीदार तारा जवळ असेल तर तोपण ओढून घेतो. आणि बहुतेक जड तारे जोडीनंच राहतात, त्यामुळं एकट्याचं आयुष्य म्हणून जी दोरी दाखवली ती पुष्कळांच्या बाबतीत तशी चालत नाही, हे सरांनी स्वतः कबूल केलं. मला हे आवडलं. स्वतःच्या दोरीला स्वतःच गाठ मारणारा माणूस विरळा.

आता लोखंड.

सर म्हणाले, तारा म्हणजे आनंदवाडीच्या आखाड्यातली कुस्ती. वजन आत दाबतंय, आतली उष्णता बाहेर रेटतीय, दोघं लाखो वर्षं भिडलेत. हलके अणू जोडले की उष्णता सुटते. हायड्रोजनला भरपूर सुटते, हेलियमला कमी, पुढं पुढं चिल्लर. सिलिकॉन जळायला तीनशे कोटी अंशांच्या वर तापमान लागतं आणि त्यातनं जे तयार होतं ते लोखंड आणि निकेलच्या घरातलं. आणि लोखंडाचा अणू असा घट्ट बांधलेला की तो जोडायला गेलात तर उष्णता मिळत नाही, उलट तुमच्या खिशातली जाते. कन्नडमध्ये त्यांनी एकच वाक्य टाकलं, "कब्बिण बंतु, कथे मुगीतु." लोखंड आलं, गोष्ट संपली.

मेव्हणा माझ्याकडं बघून हसायला लागला. मी म्हटलं, सर, आम्ही लोखंडाचीच माणसं, आम्हाला हे रोज माहीत आहे, लोखंड फक्त घेतं, देत काही नाही, वीजबिल बघा आमचं. सगळे हसले. पण त्यापुढचं हसण्यासारखं नव्हतं.

गाभ्यात लोखंड साठत जातं. इथं आधी एक सांगतो, फौंड्रीत कोअर म्हणजे वाळूचा, कास्टिंगमध्ये पोकळी पाडायला ठेवतो तो, त्यामुळं सर कोअर कोअर म्हणत होते तेव्हा दहा मिनिटं माझ्या डोळ्यासमोर वाळूच. गाभा म्हणा हो. तर हा गाभा आकारानं पृथ्वीएवढा आणि वजनानं सूर्याहून जास्त. जळण बंद, तरी तो इलेक्ट्रॉनांच्या रेट्यावर तग धरून असतो. पण त्या रेट्यालाही एक मर्यादा आहे, सूर्याच्या साधारण १.४ पट. ही कुणी काढली? चंद्रशेखर. लाहोरला जन्मलेला, मद्रासला शिकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, १९३० साली बोटीनं इंग्लंडला चालला होता, त्या प्रवासात हिशेब केला. नोबेल मिळालं १९८३ ला. पोरगी हे ऐकून माझ्याकडं बघते आणि मी तिच्याकडं, कारण आमच्यात आदल्या दिवशीच मोबाईलवरनं वाजलं होतं.

मर्यादा ओलांडली की गाभा आपल्याच वजनानं आत कोसळतो. किती वेळात? एका सेकंदाच्या आत. पृथ्वीएवढा गोळा, एका सेकंदात, वीसेक किलोमीटरचा. बेळगाव ते खानापूर अंतराहून लहान. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात, न्यूट्रॉन होतात, आणि मग एकदम कडक, पुढं दबत नाही. वरनं पडणारा माल त्याच्यावर आपटून उलटा उसळतो. पण नुसत्या उसळीनं तारा फुटत नाही, ती लाट वाटेत दमते. तिला परत ढकलतात तेच मघाचे न्यूट्रिनो, या वेळी इतके की कोसळण्यातनं सुटलेली जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा तेच नेतात. आपल्याला दिसतो तो लखलखाट म्हणजे उरलेल्यातला चुरा.

याला पुरावा काय, असं बैलहोंगलच्या एका तरुणानं विचारलं, इंजिनिअर असावा. २३ फेब्रुवारी १९८७. मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या एका छोट्या आकाशगंगेत, दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटलेला दिसला. उजेड दिसायच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या यंत्रांत मिळून दोन डझन न्यूट्रिनो सापडले. दोन डझन! पण हिशेब जुळायला तेवढे पुरले. एवढे तास आधी का? न्यूट्रिनो लगेच सुटतात आणि स्फोटाची लाट ताऱ्याच्या कातडीपर्यंत यायला वेळ लागतो. आणि गंमत म्हणजे फुटलेला तारा तांबडा नव्हताच, निळा होता, सगळ्यांचे अंदाज चुकवून. तो मेघ आपल्या बेळगावाहून क्षितिजाला जवळजवळ चिकटलेला, त्यामुळं दाखवता आला नाही. सर जाता जाता बोलले की आपल्या कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर यंत्रं बसवून १९६५ सालीच वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले होते. सोनं काढायचं म्हणून खणलं आणि काय काय सापडलं.

मग मी मला हवा तो प्रश्न विचारला. सर, म्हणजे आमच्या लॅडलमधलं, ओतायच्या भांड्यातलं लोखंड हे असल्या मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातलं? मला वाटलं हो म्हणतील, तसं ऐकलंय ना सगळीकडं. सर म्हणाले, नाही. गाभ्यातलं लोखंड तर कोसळताना फुटून न्यूट्रॉन झालं, ते आतच अडकलं, कायमचं. बाहेर येतं ते वेगळं. स्फोटाची लाट वरच्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या थरातनं जाताना तिथं किरणोत्सारी निकेल तयार होतं. ते सहा दिवसांत निम्मं कोबाल्ट होतं, आणि कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मं लोखंड. फुटलेला तारा महिनोन् महिने चमकत राहतो तो या निकेल-कोबाल्टच्या जळजळीवर. आणि शिवाय लोखंडाचा मोठा वाटा दुसऱ्याच जातीच्या स्फोटांचा, पांढऱ्या बटू ताऱ्यांच्या, म्हणजे हलक्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही. आपण आत्ता श्वासात घेतोय तो ऑक्सिजन मात्र बहुतेक सगळा जड ताऱ्यांचा.

सत्तावीस वर्षं लोखंड ओततोय आणि त्याचा बायोडेटा आज कळला. मेव्हणा म्हणाला, म्हणजे ओरिजिनल माल आत राहिला आणि आपल्याला आलं ते साईडचं प्रॉडक्शन. बरोबरच आहे त्याचं.

साडेअकराला खेकडा तेजोमेघ. वृषभाच्या शिंगाजवळ. हा बघताना रांगेत धक्काबुक्की झाली आणि दिसलं काय तर पुसट डाग, ढगाचा तुकडा अडकल्यासारखा. आधी सांगितलं नसतं तर मी पैसे परत मागितले असते. पण आधी सांगितलं होतं ना. १०५४ साली चिनी लोकांनी हा फुटताना बघून लिहून ठेवलाय, २३ दिवस दिवसाढवळ्या दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. त्याच्या मधोमध तो वीसेक किलोमीटरचा गोळा अजून फिरतोय, सेकंदाला साधारण तीस फेरे. मी लगेच तीस गुणिले साठ केलं, अठराशे. आमच्या ब्लोअरची मोटर चौदाशे चाळीसला फिरते हो! सूर्याहून जड वस्तू, आमच्या मोटरपेक्षा जोरात. आणि बेअरिंग नाही काही नाही. मी परत रांगेत लागून तोच डाग दुसऱ्यांदा बघितला. दुसऱ्यांदा तो तेवढाच पुसट होता पण मला बरं वाटलं.

आणखी जड असेल तर? कृष्णविवर. कितीपासून, असं पोरगीनं टोचून विचारलं. अशी सरळ रेषा नाही, वाऱ्यात किती वजन उडालं, जोडीदारानं किती नेलं, गाभा आतनं कसा बांधलेला, यावर ठरतं, काही तर फुटल्याशिवाय गुपचूप आत जात असतील. २०१५ मध्ये अशाच दोन कृष्णविवरांची धडक गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो नावाच्या यंत्रानं पहिल्यांदा ऐकली, एक सूर्याच्या छत्तीसेक पट आणि दुसरं एकोणतीसेक पट. तसलं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, देवदर्शनाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

एक वाजता आणखी एक होता, ईटा कॅरिनी, पण दक्षिणेला झाडांच्या शेंड्याला टेकलेला, एक नारिंगी टिंब दिसलं. १८४० च्या दशकात तो इतका भडकला होता की १८४३ ला आकाशातला दोन नंबरचा तेजस्वी तारा झाला, सूर्याच्या कित्येक पट माल बाहेर फेकला आणि तरी मेला नाही. साडेसात हजार प्रकाशवर्षांवरनं एवढा. तोपर्यंत निम्मी मंडळी झोपली होती, मिसेसपण. टेंट बरा आहे, गाद्या दवानं ओल्या, ब्लँकेट कमी पडतात. स्वेटर नाही, दोन स्वेटर न्या.

चारला सरांनी हाक मारली, ज्येष्ठा आलाय म्हणून. उठलो आम्ही तिघंच, मी, पोरगी आणि ते गोकाकचे आजोबा. आग्नेयेला वृश्चिक वर आला होता आणि मधे तो तांबडा तारा, काक्षीचाच भाऊ, साधारण साडेपाचशे प्रकाशवर्षांवर. काक्षी तोपर्यंत पश्चिमेला मावळून गेलेला. सर काही बोलले नाहीत, आम्हीपण नाही. आजोबा थोड्या वेळानं म्हणाले, "इदू कब्बिणद कडे होंटैती." हापण लोखंडाकडंच निघालाय. चहा आला, आल्याचा, तो मात्र फर्स्ट क्लास. सकाळचं उप्पीट पण.

आता दीड स्टार. अर्धा जेवणाच्या उशिराला आणि गाद्यांना. अर्धा इतर गिऱ्हाईकांना आवरत नाहीत म्हणून, एकजण बुलेटचा हेडलाईट लावून आत आला आणि कुणीतरी दर पाच मिनिटांनी मोबाईलचा टॉर्च मारत होतं, सर सांगून दमले, मालकानं एक माणूस उभा करायला पाहिजे. आणि शेवटचा अर्धा संडासाला. स्वच्छ आहे, पाणी आहे, पण आत भक्क पांढरी ट्यूब. अंधारात डोळा सरावायला वीस मिनिटं लागतात आणि एकदा आत जाऊन आलं की परत आंधळे, मी रात्रीत तीनदा गेलो, म्हणजे तासभर तिथंच वाया. लाल बल्ब पन्नास रुपयाला मिळतो. मालकांना सांगितलंय, लावतो म्हणाले. मेव्हणा मार्चच्या अमावास्येला त्याच्या मित्रांना घेऊन जाणार आहे, राहिलेले तीन हजारपण त्याच्याच हातनं जातायत, सोमवारी पाठवायचे राहिले. बल्ब बदललेला असला तर तो मला फोन करेल, म्हणजे रेंजमध्ये आल्यावर, आणि मी इथं येऊन चार करतो.